राणीसरकार आणि ट्रामचा आवाज

४ मार्च

वहिनी,

आधी शिवणाच्या मशीनवरून ऊठ आणि नीट खुर्चीत बैस. बसलीस? मग ऐक. आमच्या गावात नवी ट्राम सुरू होते आहे ना, तिच्यात "पुढचा थांबा अमुक, पुढचा थांबा तमुक" असं सांगणारा जो आवाज असणार आहे, तो माझा आहे! माझा, वहिनी! टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर माझ्या आवाजाला शेजारच्या मांजराशिवाय कुणी विचारलं नव्हतं.

झालं काय, की मी ज्येष्ठांचा पास काढायला ट्रामच्या कचेरीत गेले होते. खिडकीतून फक्त एवढं विचारलं, "पास इथंच मिळेल का?" तर मागच्या टेबलावरचा एक टकलू माणूस तरातरा उठून आला आणि म्हणाला, "बाई, हेच वाक्य परत म्हणा." मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मी घाबरून परत म्हटलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, "गुरुवारी याल?" तो तिथला रेकॉर्डिंगवाला. सगळे त्याला कानसेन म्हणतात. गुरुवारी गेले तर रांगच लागलेली! रेडिओवरचे लोक, नाटकातले लोक, एक टीव्हीवरची तरुण नटीसुद्धा. आम्हाला एकेकाला पडद्यामागे उभं केलं, म्हणजे ऐकणाऱ्यांना आमची तोंडं दिसू नयेत. माझं तोंड दिसलं नाही हे बरंच झालं म्हणायचं! आणि काल पत्र आलं. पहिली मी, दुसरी नटी. मला नाही जमलं तर ती. पण मला जमणार नाही असं होईलच कसं?

फोन का केला नाहीस, असं विचारशील. कानसेननी बजावलंय की रेकॉर्डिंग होईपर्यंत आवाज जपायचा, गप्पा बंद. म्हणून ही कागदावरची बडबड. घसा थोडा कोरडा पडतो अधूनमधून, उत्साहानं असेल.

आणि दादाला सांग, काळजी करू नको, माझी पाठ बरी आहे. गादी उलटताना मणका दबला त्याला आता वर्ष होईल. राणीसरकार दर रविवारी न चुकता येतात. हाडांच्या गोळीला तू नाव काय शोधून काढलंस गं! उपाशीपोटी हजर व्हायचं, पेलाभर साधं पाणी प्यायचं, मग अर्धा तास ताठ. आडवं व्हायचं नाही, चहाचं नाव काढायचं नाही. दरबारच तो.

तुझी (आता साऱ्या गावाची)
वन्सं


१२ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र वाचताना मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की तुमचे दादा न्हाणीघरातून अर्ध्या दाढीनिशी बाहेर आले. "कोण गेलं?" म्हणे. म्हटलं, कुणी गेलं नाही, तुमची बहीण आली! नावारूपाला आली!

मी सगळ्यांना सांगून टाकलं. समोरच्या औषधवाल्याला सांगितलं, ज्या नाटकगृहाचे पडदे शिवते आहे त्याच्या मॅनेजरला सांगितलं, पोस्टमनला तर हाक मारून परत बोलावून सांगितलं. औषधवाला म्हणाला, "पण आपल्या गावात ट्राम नाही." म्हटलं, म्हणून काय झालं? आवाज तर आपला आहे.

तुम्ही फोनवर बोलणार नाही हे वाचून मात्र जरा टोचलं हं. इतकी वर्षं दर शनिवारी तासभर बोलतो आपण. मोठ्या माणसांना वेळ नसतो हे खरं, पण तुम्ही इतक्या लवकर मोठ्या व्हाल असं वाटलं नव्हतं. असू दे. मी लिहीन. माझं अक्षर शिवणीसारखं सरळ आहे, तुमचं कोंबडीचे पाय.

राणीसरकारांचं म्हणाल तर माझ्याकडेही सगळं व्यवस्थित आहे. एक खाडा नाही. आपण दोघी एकाच दरबारातल्या.

रेकॉर्डिंग कधी, कपडे कोणते घालणार, सगळं कळवा. तोंड दिसणार नसलं म्हणून जुनाट काहीतरी अडकवून जाऊ नका. निळं पोलकं मी शिवलंय ते घाला.

वहिनी


२२ मार्च

वहिनी,

मोठी झाले म्हणून टोमणे मारतेस होय? मारून घे. मी सध्या कुठलाही टोमणा गोड मानून घेते, इतकी खूश आहे!

चाळीस थांबे आहेत. मी उठता बसता म्हणते. ग्रंथालय. जुना पूल. न्यायालय. नदीकाठ. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. "नदीकाठ" म्हणताना शेवटचा ठ हवेत विरता कामा नये, असं कानसेनांचं म्हणणं. काल भाजीवाल्यानं पैसे परत दिले आणि मी त्याला म्हटलं, "पुढचा थांबा, न्यायालय." बिचारा घाबरला!

श्वासाचा व्यायाम दिलाय तो तर फार मजेचा. सकाळी उठल्या उठल्या, पोट रिकामं असताना, उताणं पडायचं, पोटावर जाडजूड पुस्तक ठेवायचं आणि श्वासानं ते वर उचलायचं. मी शब्दकोश ठेवते. रोज करते, रविवारीसुद्धा सोडत नाही.

आता एक गोष्ट फक्त तुला लिहिते. दादाला सांगू नकोस, तो लगेच पिशवी भरून इथं येऊन बसेल. माझ्या छातीत जळजळ होते. मधोमध, हाडामागे. गिळताना अडकल्यासारखं वाटतं. रविवारी, सोमवारी फार, मग जरा कमी. आणि आवाज बसतोय. सकाळी तर असा येतो, जसं कुणी लाकडी खोकं फरशीवरून ओढतंय. खडीसाखर झाली, वाफ झाली, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. मला वाटतं हा राणीसरकारांचाच प्रताप आहे. तुला कधी असं झालं का?

मी ठरवलंय, रेकॉर्डिंग होईपर्यंत गोळी बंद. गेल्या रविवारी घेतली नाही. एकदा रेकॉर्डिंग झालं की घेईन परत. हाडं काय, चार आठवड्यांत कुठं पळून जात नाहीत. एप्रिलच्या दहा तारखेपासून रेकॉर्डिंग आहे. तुझं काय मत?

उत्तर लगेच पाठव.

वन्सं


३० मार्च

वन्सं,

हे पत्र मी सांगतेय आणि तुमचे दादा लिहिताहेत. माझा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. काळजीचं कारण नाही. नाटकगृहातला मोठा पडदा टांगताना उंच शिडीवरून पडले.

(मी दादा. शिडी नव्हती. घरातलं बुटकं स्टूल होतं, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा होता. ती स्टुलावरून पडलीसुद्धा नाही, उतरताना नुसता हात टेकला. तेवढ्यानं मनगट मोडलं.)

काय लिहिताय? मी सांगते तेवढंच लिहा. वन्सं, तुमचं पत्र मला एका हातानं फोडता येईना म्हणून यांनी फोडलं, आणि फोडलं ते वाचूनही टाकलं. माझा नाइलाज झाला.

(चिमे, मी पिशवी भरलेली आहे. पण हिला सोडून निघता येत नाही, म्हणून तू वाचलीस.)

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जळजळ मला झाली होती का? थोडीफार झाली होती. पण मी नेटानं गोळी चालू ठेवली.

(खोटं. आता मी पेन सोडत नाही, तिला ओरडू दे. हात मोडल्यावर मी बटणांचा डबा उघडला, कारण माझ्या शर्टाचं बटण आता मलाच लावायचं होतं. आत गोळ्यांची पाकिटं, एकही फोडलेलं नाही. दिवाणखान्याच्या गेल्या रंगकामापासूनची! छातीत जळतं म्हणून हिनं परस्पर बंद केली आणि दर रविवारी माझ्यासमोर पेलाभर पाणी तेवढं प्यायली. अर्धा तास ताठ उभी राहून! मी शेजारी उभा राहून वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, तिला कंटाळा येऊ नये म्हणून. एक्स-रे बघून इथले डॉक्टर म्हणाले, आजींची हाडं बिस्किटासारखी झालीत. आणि वर तुझं हे पत्र! दोघी सारख्याच शहाण्या.)

वन्सं, मी रडत नाहीये, हात दुखतोय म्हणून डोळ्यांत पाणी आहे. हे म्हणतात ते खरं आहे. तुम्हाला सांगितलं असतं, पण तुम्ही इतक्या कौतुकानं "राणीसरकार, राणीसरकार" करत होता की मला लाजच वाटली. आता कात्री धरता येत नाही मला. अंथरुणाची चादर नीट करता येत नाही. पेन्सिलसुद्धा धरता येत नाही. तुम्ही डॉक्टरकडे जा. उद्याच्या उद्या.

वहिनी
(आणि दादा)


४ एप्रिल

वहिनी, आणि दादा (वाचणार आहेसच),

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी चप्पल घातली आणि गेले.

आधी वहिनी, तुझा हात! मी चाळीस थांबे घोकत बसले होते आणि तू तिथं एका हातानं... जाऊ दे, लिहिलं तर मी पण रडेन, आणि रडलं की आवाज आणखी बसतो.

आमच्या हाडांच्या डॉक्टरीणबाई तुला ठाऊक आहेत, त्याच, कपाळावर चष्मा चढवून चष्मा शोधणाऱ्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोळी घेता कशी?"

"नियमानं. उपाशीपोटी, पेलाभर पाणी."

"आणि मग?"

"मग व्यायाम."

"छान. फिरायला जाता?"

"नाही, श्वासाचा. उताणी पडते आणि पोटावर शब्दकोश ठेवते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चष्मा डोळ्यांवर घेतला. "गोळी घेतल्यावर लगेच?"

"लगेच. उपाशीपोटीच करायचा असतो ना."

वहिनी, त्या आधी हसल्या आणि मग अशा रागावल्या! म्हणाल्या, "अहो, ताठ राहायचं ते गोळी खाली पोटात उतरावी म्हणून. तुम्ही तिला वाटेतच झोपवलंत, वर शब्दकोश ठेवलात. अन्ननलिका भाजणार नाही तर काय होईल? तिथं सूज आलीय, आम्ल वर चढतंय, ते थेट घशापर्यंत. आवाज त्यानंच बसलाय." इतका जुना नियम मला पाठ होता, आणि उत्साहाच्या भरात मीच तो मोडत होते!

मी म्हटलं, मग आता नीट घेईन. त्या म्हणाल्या, नाही, ही गोळी आता तुम्हाला नको. काही जणांना ती नीट घेऊनसुद्धा सोसत नाही. मी म्हटलं, वा, म्हणजे सुटले! तर म्हणाल्या, "गोळी सुटली, उपचार नाही सुटले. तुमचा एक मणका आधीच दबलाय. हाडं ओरडत नाहीत, म्हणून त्यांचं बरं चाललंय असं समजू नका." आता पोटातलं आम्ल कमी करायचं औषध सुरू आहे. रक्त तपासायचं, मूत्रपिंडं ठीक आहेत का बघायचं, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम बघायचं, दात दाखवून यायचं. सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा शिरेतून औषध. गोळी नाही, घसा नाही, दरबार नाही! तुझ्यासाठीही विचार, वहिनी. तुझ्या डॉक्टरांना सगळं खरं सांग, पेलाभर पाण्यासकट.

आवाज कधी परत येईल, हे विचारायला मला धीर होईना. शेवटी दारापाशी जाऊन विचारलं. म्हणाल्या, "महिना तरी. घाई केलीत तर जास्त."

रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात आहे. मी कानसेनांना काही सांगितलेलं नाही. सकाळपेक्षा दुपारी आवाज बरा असतो. मधाचं बोट लावून, कमी बोलून, कसंतरी निभावेन असं वाटतं. निभावेनच!

वन्सं


७ एप्रिल

वन्सं,

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर तुमच्यासारखं आलंय.

मी लपवलं त्याचं काय झालं बघितलंत ना. त्यांना सांगून टाका.

निळं पोलकं घाला.

व.


१६ एप्रिल

वहिनी,

तुझं डाव्या हाताचं पत्र मला रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळीच मिळालं. वाचलं, पर्समध्ये ठेवलं, आणि ऐकलं मात्र नाही. निळं पोलकं तेवढं घातलं.

रेकॉर्डिंगची खोली बघायला हवी होतीस तू. भिंतींना गाद्या लावल्यासारखं जाड कापड, दार बंद केलं की स्वतःच्या पोटातलं गुरगुरणं ऐकू येतं. मधे काच. काचेपलीकडे कानसेन, मोठाले हेडफोन लावून. मी उभी राहिले आणि वहिनी, काय वाटलं म्हणून सांगू! एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी बोर्डासमोर बसले होते तेव्हासुद्धा इतकं काळीज उडालं नव्हतं.

ग्रंथालय, छान गेलं. जुना पूल, छान. मग "न्यायालय" म्हटलं आणि "न्या" वर आवाज फाटला. परत म्हटलं, परत फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. कानसेननी हेडफोन काढले, आत आले, स्टूल ओढून समोर बसले. मग मीच सगळं सांगितलं. गोळी, शब्दकोश, सगळं.

ते म्हणाले, "बाई, हे आधी सांगितलं असतंत तर आठ दिवस मागून घेतले असते. आता उद्घाटनाची तारीख ठरलीय." आणि मग हळूच, "आवाज बरा झाला की भेटायला नक्की या." असं लोक म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ आपल्याला कळतो. नटीला फोन गेला. ती दुपारपर्यंत आलीसुद्धा. चांगली मुलगी आहे गं, मला बघून ओशाळली. मी तिला "नदीकाठ" चा ठ कसा म्हणायचा ते खुणेनं दाखवलं आणि निघाले.

घरी येऊन दार लावलं आणि पोलक्याच्या बाहीला डोळे पुसले. फार नाही, थोडेच.

मग म्हटलं, आता निदान हाडं तरी सांभाळू. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या होत्या, म्हणून मंगळवारी शिरेतून औषध घेऊन आले. आरामखुर्चीत बसवलं, हाताला नळी लावली, समोर खिडकी. मासिक चाळून होईतो संपलंसुद्धा! मी नर्सला म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, "उद्या भेटेल ते." आणि भेटलं गं! दुसऱ्या दिवशी अशी थंडी वाजून आली की दात टाईपरायटरसारखे. लोकरीची टोपी, दोन पांघरुणं, आणि अंगातलं एकेक हाड जणू पुढं येऊन आपली ओळख करून देऊन गेलं. मला तर काही हाडं आहेत हेच माहीत नव्हतं! त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या वेळेला असं होतं, ताप दोन-तीन दिवसांत जातो, भरपूर पाणी प्या, तापाची गोळी घ्या. सांगून ठेवलेलं असलं की भीती वाटत नाही, नुसता राग येतो. काल संध्याकाळी घाम येऊन ताप उतरला. आज टोस्ट खाल्ला, दोन खाल्ले. छातीत जळजळ नाही. पाठीत कळ नाही. अशी हलकी वाटतेय, की कुणीतरी मला धुऊन वाळत घातलंय!

ट्राम गेली, तर गेली. आता मी आवाज जपत नाही. शनिवारी फोन कर.

वन्सं


१२ मे

वन्सं,

शनिवारचे फोन होतात, तरी हे पत्र लिहिते, कारण हात सुटलाय! प्लास्टर काढलं. आतून हात असा निघाला की वाटलं, हा कुणाचा दुसऱ्याचाच दिलाय की काय. बारीक आणि पांढरा. पण पेन धरतो. आणि काल सुई ओवली! तीनदा चुकली, चौथ्यांदा ओवली. यांनी टाळ्या वाजवल्या.

तर त्या नटीबद्दल फोनवर मी चांगलं बोलले ते तुमच्या समाधानासाठी. खरं सांगायचं तर मला तिचा राग येतो. मी तिला ओळखत नाही, तिचा काही दोष नाही, हे सगळं मला कळतं. तरी येतो. औषधवाल्यानं विचारलं, "काय, कधी सुरू होतेय वन्संची ट्राम?" मी म्हटलं, "ट्रामचंच काही खरं नाही, रूळ वाकडे बसलेत म्हणे." तेवढं एक खोटं मला माफ.

माझंही शिरेतून झालं परवा. डॉक्टरांना पेलाभर पाण्याची गोष्ट सांगितली, तर ते डोकं धरून हसले आणि मग म्हणाले, असे बरेच जण करतात, पण कबूल तुम्हीच केलंत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधीपासून पाणी पीत राहिले. मला थंडी-ताप काही आला नाही. डोकं मात्र दुखलं, आणि डोकं दुखलं की मी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. यांनी सूप केलं. त्यात मीठ नव्हतं. मी म्हटलं, मीठ नाही. म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय, चिडचिड हा औषधाचा परिणाम, उत्तर देऊ नका." डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नाही!

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येतोय तुमच्याकडे. तिकिटं काढली.

वहिनी


२५ मे

वहिनी!!

बस. नाही, उभीच राहा. नाही, बस!

काल सकाळी मी कपाटातले कपडे काढत होते, तर दारावर टकटक. दार उघडलं तर कानसेन! तीन जिने चढून आलेले, धापा टाकत, टक्कल घामानं चकाकतंय. म्हणाले, "बाई, पाणी द्या आणि काहीतरी बोला." मी म्हटलं, "काय बोलू?" तर ते तिथंच उंबऱ्यावर हसायला लागले. "हाच," म्हणे, "हाच! एक सूर खाली आलाय, पण हाच."

ऐक तर. ट्रामच्या चाचणीच्या फेऱ्या चालू आहेत. म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांना मुद्दाम बोलावून बसवतात, कुणाला काय अडचण येते ते बघायला. नटीनं थांबे फार सुरेख म्हटलेत, तक्रार नाही. पण दारं, दांडे, पायरी यांच्या ज्या सूचना आहेत ना, त्या इतक्या गोड की लोकांना वाटतं साबणाची जाहिरात लागलीय. कुणी दांडा धरतच नाही! गाडी सुटली की सगळे एकमेकांच्या अंगावर. परवा एक आजोबा गुडघ्यावर आपटले. कानसेन म्हणाले, "मला असा आवाज हवा की ऐकल्यावर माणसाचा हात आपोआप उठला पाहिजे. मला तुम्हीच आठवलात. आवाज परत आलाय का?"

आलाय का म्हणून विचारतात! दुपारी त्याच खोलीत उभी होते मी, त्याच काचेसमोर. त्यांनी कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: "प्रवाशांनी सुरक्षिततेच्या दृष्टीने आधारदांडीचा अवलंब करावा." मी म्हटलं, "असं कुणी बोलतं का? हे वाक्य संपेपर्यंत माणूस पडलेला असतो."

"मग तुम्ही कसं म्हणाल?"

मी डोळे मिटले. मला तू दिसलीस, वहिनी, त्या मेल्या बुटक्या स्टुलावर, एक पाय खाली टाकताना. आणि मी म्हटलं, "गाडी सुटतेय. दांडा धरा."

काचेपलीकडून कानसेननी बोटानं खूण केली, पुढं. मी म्हटलं, "दार उघडतंय. सावकाश उतरा, कुणी पळवून नेत नाही पायरी." शेवटचे पाच शब्द ट्रामच्या मोठ्या साहेबांनी काढून टाकले, पण बाकी सगळं ठेवलं! एकदाही आवाज फाटला नाही. एकदाही! बाहेर आले तर नटी कॉरिडॉरमध्ये उभी होती, तिनं मला मिठीच मारली. मी म्हटलं, हळू गं पोरी, मणका आहे. थांबे तिचे, सूचना माझ्या. दोघींचा आवाज एकाच गाडीत.

तुम्ही उद्घाटनाच्या आठवड्यातच येताय! मी घर झाडायला घेते. झाडते म्हणजे उभ्यानं, लांब दांड्याच्या झाडूनं. वाकत नाही.

तुझी
वन्सं


२ जुलै

वन्सं,

घरी सुखरूप पोहोचलो. तुमच्याकडचे आठ दिवस कसे गेले कळलं नाही. आपण चौघं (कानसेन धरून) ट्राममधून चारदा फिरलो, आणि चारही वेळा मी सगळ्या डब्याला सांगितलं की हा माझ्या नणंदेचा आवाज आहे, आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघत माझ्याशी काही संबंध नसल्यासारखं दाखवलंत. ते मी विसरणार नाही.

पण एक तुम्हाला सांगायचं राहिलंय. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही हसण्यावारी नेलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही आणि हे झोपला होतात. मी एकटीच जाऊन ट्राममध्ये बसले. कुणाला काही बोलले नाही, शपथ. गाडी भरलेली होती. मला बसायला जागा मिळाली नाही, मी दारापाशी उभी होते. हातात पिशवी होती, आणि मोडलेला हात मी सवयीनं छातीशी धरून ठेवला होता. प्लास्टर निघाल्यापासून मी तो असाच धरते. यांनाही ठाऊक नाही. कुठं टेकवायला, कशाला लावायला मला भीतीच वाटते. पुन्हा मोडला तर?

दारं लागली. आणि वरून तुम्ही म्हणालात, "गाडी सुटतेय. दांडा धरा."

वन्सं, सगळ्या डब्यात हात वर गेले. शाळेतल्या मुली, पावाच्या लाद्या घेतलेला माणूस, कडेवर पोर असलेली बाई. कुणी विचार केला नाही, बघितलं नाही, आईनं हाक मारल्यावर वळावं तसे सगळे हात एकदम. माझ्या शेजारी एक आजोबा होते, ऐकायला जरा कमी येत असावं. ते छताकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "धरला गं बाई, धरला!"

मी खाली बघितलं, तर पिशवी डाव्या हातात होती. आणि दांडा मी उजव्या हातानं धरला होता. घट्ट.

वहिनी